ख्रिस बोर्डमनचे सुवर्णपदक: सायकलीचे की सायकलपटूचे?

प्रश्न: चक्रधर

नमस्कार. माझी पुतणी पुण्यात ट्रॅक सायकलिंगचा सराव करते आणि तिला वैयक्तिक परस्यूट या प्रकाराची विशेष ओढ आहे. ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन सायकलपटू ट्रॅकच्या समोरासमोरच्या सरळ बाजूंच्या मध्यावरून एकाच क्षणी सुटतात. पुरुषांसाठी अंतर ४ किलोमीटर, म्हणजे २५० मीटरच्या ट्रॅकवर १६ फेऱ्या असते, आणि जो दुसऱ्याला मागून गाठतो किंवा ठरलेले अंतर कमी वेळात पुरे करतो तो जिंकतो. महिलांसाठी हे अंतर पूर्वी ३ किलोमीटर होते. २०२५ पासून तेही ४ किलोमीटर झाले आहे.

तिच्या सरावाच्या निमित्ताने मी ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनच्या कारकिर्दीविषयी वाचू लागलो आणि एका ठिकाणी अडलो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले आणि अंतिम फेरीत तर आदल्या वर्षीचा जगज्जेता, जर्मनीचा येन्स लेमान, याला अंतर संपण्यापूर्वीच गाठले. सायकलिंगमध्ये ब्रिटनला ७२ वर्षांनी मिळालेले ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होते. तरीही त्या विजयाची चर्चा झाली ती प्रामुख्याने त्याच्या सायकलीची. मोटारी बनवणाऱ्या लोटस कंपनीची, एकसंध कार्बन फायबरची, पुढचे चाक एकाच बाजूने धरणारी ती काळी सायकल इतकी गाजली की वर बसलेला माणूस जणू तिचा एक सुटा भाग होता, असे जुने वृत्तांत वाचताना वाटते.

दुसरीकडे आकडे पाहिले तर शंका अधिकच वाढते. १९९६ मध्ये बोर्डमनने एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले, आणि २००० मध्ये जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलीवर त्याच माणसाला एका तासात ४९.४४१ किलोमीटरच जाता आले. हा जवळजवळ ७ किलोमीटरचा फरक सायकलीचा मानायचा की आणखी कशाचा?

हा प्रश्न आमच्या घरात निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. पुतणीच्या सोबतच्या काही मुलामुलींच्या पालकांनी परदेशी कार्बन फ्रेम मागवल्या आहेत आणि आपल्या साध्या सायकलीवर कष्ट करण्यात अर्थ आहे का, असे ती विचारते आहे. बोर्डमनच्या कारकिर्दीतून तिला काय उत्तर द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: अभ्यासू वाचक

चक्रधर, आपला प्रश्न योग्य आहे. मात्र त्यात ‘सायकल’ आणि ‘सायकलवर बसण्याची ढब’ या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि बोर्डमनची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर त्या आधी वेगळ्या कराव्या लागतात.

ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे सपाट ट्रॅकवर सायकलपटूची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग जेमतेम १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक लागते. हा विरोध मुख्यतः सायकलीमुळे होत नाही, तो अंगामुळे होतो. खांद्यांची रुंदी, डोक्याची उंची, पाठीचा कल, कोपरांमधले अंतर या गोष्टींपुढे फ्रेमचा वाटा लहान असतो. त्यामुळे लोटसची सायकल चांगली होती हे मान्य करूनही, तिचा खरा उपयोग बोर्डमनला खाली वाकलेल्या, अरुंद आणि स्थिर ढबीत बसता येण्यात होता, असे माझे मत आहे. त्या सायकलीची मूळ कल्पना नॉरिचच्या माइक बरोज यांची. एकसंध फ्रेमला आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची परवानगी नसल्यामुळे ती काही वर्षे तशीच पडून होती. नियम सैल झाल्यावर लोटसने ती हाती घेतली आणि ऑलिंपिकपूर्वी वायुबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून हवेचा विरोध मोजण्याच्या दालनात, बोर्डमनला तिच्यावर बसवून त्याची ढब घडवली गेली. वायुबोगद्यात मोजमाप झाले ते सायकल आणि माणूस या जोडीचे.

सायकलीमुळेच तो जिंकला असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या आधीच्या चार वर्षांकडे पाहावे. १९८८ ते १९९१ या काळात तो सलग चार वर्षे ब्रिटनचा चढाईच्या शर्यतीतला राष्ट्रीय विजेता होता. ही शर्यत म्हणजे एखादा उभा चढ जिवाच्या आकांताने चढून जाणे. तिथे वेग कमी असतो, हवेचा प्रश्न गौण ठरतो आणि उरते ते फक्त शरीराचे इंजिन. ज्याचे इंजिन असे आहे, तो सपाट ट्रॅकवर हवेलाही चुकवायला शिकला तर काय होईल, याचे उत्तर बार्सिलोनाच्या ट्रॅकवर मिळाले. तिथे अंतिम लढतीपूर्वीच त्याने ४ मिनिटे २४.४९६ सेकंद ही विक्रमी वेळ नोंदवली होती, म्हणजे उभ्या अवस्थेतून सुटूनही सरासरी ताशी ५४ किलोमीटरहून अधिक. लेमान काही कच्चा गडी नव्हता. त्याच ऑलिंपिकमध्ये सांघिक परस्यूटचे सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मन संघात तो होता.

दुसरा पुरावा पुढच्याच वर्षीचा आहे. २३ जुलै १९९३ रोजी बोर्दोच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, बोर्डमनने एका तासाचा विक्रम ५२.२७० किलोमीटरवर नेला, आणि तो लोटसवर नव्हे, तर फ्रान्सच्या कोरिमा कंपनीच्या सायकलीवर. त्याच दिवशी टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या रस्त्यावरच्या शर्यतीचा टप्पा बोर्दोत संपणार असल्यामुळे सायकलिंगचे सारे जग त्या शहरात हजर होते. सायकल बदलली, ढब कायम राहिली आणि वेगही कायम राहिला.

यात आणखी एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय चित्र पुरे होत नाही, ते म्हणजे पीटर कीन. शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास असलेला हा प्रशिक्षक बोर्डमनला विशीच्या आत लाभला. किती अंतर कापले यापेक्षा कोणत्या तीव्रतेने कापले हे मोजायचे, प्रत्येक सरावाला हेतू ठरवून द्यायचा आणि जे मोजता येत नाही त्यावर विसंबायचे नाही, ही कीन यांची पद्धत होती. बार्सिलोनाच्या वेळी बोर्डमन हा सुतारकाम जाणणारा पण हाताला काम नसलेला तरुण होता. त्याच्यामागे श्रीमंत संघ नव्हता, मात्र नोंदींची शिस्त होती. आपल्या पुतणीला त्याच्याकडून काही घ्यायचे असेल तर ही शिस्त घ्यावी, आणि तिला कार्बन फ्रेम लागत नाही.

प्रतिसाद: दूरदेशी

अभ्यासू वाचक यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण त्यांनी ग्रॅम ओब्रीला वगळले याचे मला आश्चर्य वाटते. ओब्रीशिवाय बोर्डमनची गोष्ट अर्धीच राहते, आणि चक्रधर यांच्या प्रश्नाचे सर्वात थेट उत्तरही ओब्रीकडेच आहे.

स्कॉटलंडच्या एअरशायर भागात वाढलेल्या या सायकलपटूने आपली सायकल स्वतःच्या हाताने बनवली होती आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग बसवले होते, ही गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. ती सांगताना लोक बेअरिंगपाशी थांबतात, आणि त्याने ते का बसवले हा महत्त्वाचा भाग राहून जातो. त्याला दोन्ही पायांमधले अंतर शक्य तितके कमी करायचे होते आणि मधल्या नळीचा गुडघ्यांना होणारा अडथळा काढून टाकायचा होता. हँडल त्याने छातीखाली आणले होते आणि त्यावर हात दुमडून, छाती जवळजवळ हातांवर टेकवून तो सायकल चालवीत असे. हवेच्या वाटेतून हातच नाहीसे करण्याची ही युक्ती त्याने कोणत्याही वायुबोगद्याविना, केवळ स्वतःच्या निरीक्षणातून शोधली होती.

जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामार येथे ओब्री एका तासाच्या विक्रमासाठी उतरला. फ्रान्चेस्को मोझेरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत केलेला ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम नऊ वर्षे अबाधित होता. ओब्रीचा पहिला प्रयत्न फसला. असा प्रयत्न फसल्यावर शरीर सावरायला बरेच दिवस लागतात, पण त्याने दुसऱ्याच दिवशी सकाळी पुन्हा उतरण्याचा हट्ट धरला. रात्रभर अंग आखडू नये म्हणून तो भरपूर पाणी पिऊन झोपला, म्हणजे लघवीसाठी वारंवार जाग येईल आणि प्रत्येक वेळी उठून पाय ताणता येतील. पहिल्या दिवशी त्याच्या सायकलीची व्यावसायिक कारागिराने बनवलेली प्रतिकृती वापरली होती. दुसऱ्या सकाळी, १७ जुलैला, त्याने आपली घरची जुनी सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विक्रम मोडला. हा विक्रम सहा दिवस टिकला, कारण २३ तारखेला बोर्डमनने तो बोर्दोत मोडला.

त्यानंतर महिन्याभरात हामारच्याच ट्रॅकवर जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. वैयक्तिक परस्यूटच्या उपांत्य फेरीत दोघे समोरासमोर आले, आणि ऑलिंपिक विजेत्या बोर्डमनला घरी बनवलेल्या सायकलीवरच्या ओब्रीने हरवले. अंतिम फेरीत फ्रान्सच्या फिलिप एर्मेनोला हरवून तो जगज्जेता झाला. चक्रधर, आपल्या पुतणीला ही एक शर्यत सांगितली तरी पुरेसे आहे.

पुढे मात्र संघटनेने ही ढबच बेकायदा ठरवली. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत पालेर्मो येथे ओब्रीला शर्यतीतून बाद करण्यात आले, आणि नियमातला बदल त्याला ऐन वेळी कळवण्यात आला होता. मला हा त्या काळातला सर्वात मोठा अन्याय वाटतो. ज्या खेळाने कंपन्यांच्या पैशातून झालेले बदल मान्य केले, त्याच खेळाने एका गरीब माणसाच्या बुद्धीतून आलेला बदल नाकारला. त्या वर्षीचे परस्यूटचे जगज्जेतेपद बोर्डमनने जिंकले. ओब्री खचला नाही. हात पूर्ण पुढे पसरून बसण्याची नवी ढब त्याने शोधली आणि १९९५ मध्ये बोगोटा येथे पुन्हा जगज्जेता झाला.

आता आपल्या आकड्यांकडे येतो. १९९६ मध्ये बोर्डमनने जे ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले, ते ओब्रीने शोधलेल्या या दुसऱ्या ढबीत. मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत त्याने परस्यूटमध्ये ४ मिनिटे ११.११४ सेकंदांचा विक्रम केला तोही त्याच ढबीत. पुढे ती ढबही बंद झाली. सन २००० मध्ये संघटनेने एका तासाच्या विक्रमासाठी १९७२ मध्ये हा विक्रम करणाऱ्या बेल्जियमच्या एडी मर्क्ससारखी साधी सायकल बंधनकारक केली, आणि त्या नियमाखाली बोर्डमनने मर्क्सचा ४९.४३१ किलोमीटरचा आकडा अवघ्या १० मीटरने ओलांडला. म्हणून त्या ७ किलोमीटरच्या फरकात सायकल आहेच, पण सिंहाचा वाटा हातांच्या जागेचा आहे. शिवाय मधल्या चार वर्षांत सरलेले त्याचे उमेदीचे वयही त्यात मोजायला हवे.

चक्रधर

आपणा दोघांचे मनापासून आभार. हामारची उपांत्य फेरी पुतणीला वाचून दाखवली, आणि तिने लगेच विचारले की ढब सुधारली तरी १६ फेऱ्यांची ताकद वाटायची कशी. पहिल्या फेऱ्यांत ती फार जोरात जाते आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये तिचा वेग कोसळतो. प्रशिक्षक तिला संयम ठेवायला सांगतात, पण तो कसा ठेवायचा हे तिला उमगत नाही. बोर्डमनसारखे खेळाडू हे प्रत्यक्षात कसे करीत, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद: उत्तरायण

मी नोकरीनिमित्त मँचेस्टरला राहतो. ज्या वेलोड्रोमवर बोर्डमनने १९९६ चे दोन्ही विक्रम केले, तिथे सामान्य लोकांसाठीही शिकवणीची सत्रे असतात आणि मी अधूनमधून जातो. त्यामुळे खेळाडू म्हणून नव्हे, पण ट्रॅक जवळून पाहिलेला माणूस म्हणून लिहितो.

ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पेडल फिरतच राहतात. पाय थांबवायचा प्रयत्न केला की सायकल मागून उसळी मारून त्याची शिक्षा देते. गिअर एकच. वळणावर लाकडी पट्ट्यांचा ट्रॅक सुमारे ४२ अंशांनी उभा राहतो, आणि खालून पाहिले तर त्यावर सायकल टिकेल यावर विश्वास बसत नाही. वेग पुरेसा असेल तर मात्र ती सहज टिकते. चक्रधर यांनी विचारलेली अडचण मुळात या एकाच गिअरमध्ये आहे. मोठा गिअर लावला तर सुटताना तो ढकलताना मांड्या भरून येतात, आणि लहान लावला तर शेवटी पाय गरगर फिरतात आणि वेग वाढत नाही. खेळाडूला शर्यतीआधी गिअर निवडावा लागतो आणि मग चार मिनिटे त्याच निवडीशी नांदावे लागते.

परस्यूटपटूचा सराव सुरू असताना प्रशिक्षक ट्रॅकच्या कडेला, आखलेल्या रेषेपाशी हातात घड्याळ घेऊन उभे असतात. प्रत्येक फेरीसाठी वेळ ठरलेली असते. खेळाडू ठरल्या वेळेच्या पुढे असेल तर प्रशिक्षक रेषेच्या एका बाजूला पावले टाकत सरकतात, मागे पडला तर दुसऱ्या बाजूला. सायकलवरच्या माणसाला मान वर करायची नसते, कारण डोके उचलले की हवा अडते. खालच्या नजरेने प्रशिक्षकांचे पाय कुठे आहेत एवढे दिसले तरी त्याला सगळे कळते. हे मी प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ खेळाडूकडे न पाहता त्या प्रशिक्षकांच्या बुटांकडेच पाहत राहिलो होतो.

बोर्डमनच्या ४ मिनिटे ११.११४ सेकंदांना १६ ने भागले तर प्रत्येक फेरीला सरासरी १५.७ सेकंद येतात. पहिली फेरी उभ्या अवस्थेतून सुरू होत असल्यामुळे ती काही सेकंद अधिक घेते, म्हणून बाकीच्या फेऱ्या त्याहून जलद व्हाव्या लागतात. उत्तम परस्यूट म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून शेवटपर्यंत फेरीच्या वेळांत सेकंदाच्या काही दशांशांपलीकडे फरक न पडणे. दुसऱ्या फेरीला अंग ताजे असते, वेग फुकटचा वाटतो, आणि इथेच नवखा खेळाडू फसतो. तिथे अर्धा सेकंद कमावण्यासाठी जी शक्ती जाते, तिची परतफेड शेवटच्या चार फेऱ्यांत कित्येक सेकंदांनी करावी लागते, कारण मघाशी अभ्यासू वाचक यांनी सांगितलेला घनाचा हिशेब इथेही लागू असतो.

म्हणून पुतणीला संयम ठेवायला सांगण्याऐवजी फेरीची वेळ सांगावी, असे मला वाटते. तिला आज पूर्ण अंतर ज्या सरासरीने जमते ती सरासरी धरून, आधी फक्त सहा फेऱ्या त्याच वेळेने करायला लावाव्यात. पहिल्या दोन फेऱ्या ठरल्यापेक्षा जलद झाल्या तर तो प्रयत्न तिथेच थांबवावा. हळूहळू फेऱ्या वाढवाव्यात. ठरल्या वेगाची पायांना ओळख पटली की घड्याळाकडे पाहावे लागत नाही.

प्रतिसाद: अस्थिरंग

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि या धाग्यात बोर्डमनच्या कारकिर्दीचा शेवट कोणी सांगितलेला नाही म्हणून लिहिते आहे. मुलगी वाढत्या वयाची असेल तर हा भाग वगळून चालणार नाही.

बोर्डमनला कारकिर्दीच्या उत्तरार्धात हाडे ठिसूळ होण्याचा विकार झाल्याचे निष्पन्न झाले, आणि तेही तिशीच्या आसपास, म्हणजे ज्या वयात पुरुषाची हाडे सर्वात भक्कम असायला हवीत त्या वयात. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण कमी होते आणि उपचारासाठी ते द्यावे लागणार होते. परंतु खेळाडूंसाठी ते प्रतिबंधित द्रव्य असल्यामुळे उपचार घेणे आणि शर्यतीत उतरणे या दोन्ही गोष्टी एकत्र शक्य नव्हत्या. त्याने उपचार पुढे ढकलले, ऑक्टोबर २००० मध्ये मर्क्सच्या विक्रमाचा तो शेवटचा प्रयत्न केला आणि मग निवृत्ती घेतली. दूरदेशी यांनी ज्या १० मीटरांचा उल्लेख केला ते अशा शरीराने मिळवलेले आहेत, हे लक्षात घेतले की त्या आकड्याविषयीचा आदर वाढतो. पण डॉक्टर म्हणून मला त्या निर्णयाची काळजीही वाटते.

सायकल चालवताना शरीराचे वजन सीटवर असते. धावताना किंवा उडी मारताना हाडांना जे हादरे बसतात, आणि ज्यांच्यामुळे हाडे बळकट होतात, ते इथे मिळत नाहीत. बरीच वर्षे जोरदार सायकलिंग करणाऱ्यांच्या मणक्यांची आणि खुब्यांची घनता कमी आढळते, हे वैद्यकात सर्वमान्य आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. वजन कमी ठेवण्याच्या नादात आहार अपुरा पडला तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि त्याचा थेट परिणाम हाडांवर होतो. हाडांची मुख्य जमापुंजी किशोरवयातच साठते, ती नंतर भरून काढता येत नाही. पाळी चुकू लागली तर ‘सरावामुळे असे होतेच’ असे कोणी म्हटले तरी ऐकू नये आणि डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यातून काही वेळा वजने उचलण्याचा आणि दोरीवरच्या उड्यांचा व्यायाम तिच्या वेळापत्रकात असायलाच हवा, आणि जेवणात काटकसर नको. परस्यूट ही चढण नसलेल्या ट्रॅकवरची शर्यत असल्यामुळे तिथे डोंगर चढणाऱ्यासारखे हलके असण्याची गरजही नसते.

प्रतिसाद: अभ्यासू वाचक

अस्थिरंग यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे. मी दोन गोष्टींची भर घालतो आणि थांबतो.

पहिली गोष्ट रस्त्यावरच्या बोर्डमनची. ट्रॅकवर चार मिनिटांसाठी घडवलेले शरीर टूर द फ्रान्सच्या तीन आठवड्यांना पुरे पडले नाही, आणि यावरून त्याला कमी लेखणारे लोक मी पाहिले आहेत. ते मला पटत नाही. टूरची सुरुवात ज्या छोट्या टाइम ट्रायलने (एकेकट्याने घड्याळाशी लढण्याच्या शर्यतीने), म्हणजे प्रोलॉगने, होत असे ती जवळजवळ परस्यूटचीच बहीण. ती त्याने १९९४, १९९७ आणि १९९८ अशी तीनदा जिंकली आणि तिन्ही वेळा स्पर्धेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी अंगावर घातली. १९९४ मध्ये लील शहरात त्याचा सरासरी वेग ताशी ५५.१५२ किलोमीटर होता. डोंगरातल्या टप्प्यांत तो मागे पडे, आणि १९९५ मध्ये पावसात झालेल्या प्रोलॉगमध्ये तो इतका वाईट पडला की पहिल्याच दिवशी त्याला स्पर्धा सोडावी लागली. पण आपले सामर्थ्य नेमके कुठे आहे हे ओळखून त्याच्याशी प्रामाणिक राहणे मला मोलाचे वाटते. निवृत्तीनंतर ब्रिटिश संघासाठी सायकली, पोशाख आणि ढबी यांच्यावर संशोधन करणाऱ्या गटाचे काम त्याने पाहिले. पीटर कीन यांनी त्याआधीच ब्रिटनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची घडी बसवली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या दहापैकी सात सुवर्णपदके ब्रिटनने नेली. त्यात वैयक्तिक परस्यूटची दोन होती, पुरुषांत ब्रॅडली विगिन्सचे आणि महिलांत रेबेका रोमेरोचे. रोमेरोने त्याच्या चारच वर्षे आधी अथेन्समध्ये नौकानयनात रौप्यपदक जिंकले होते.

दुसरी गोष्ट पुतणीच्या भवितव्याशी निगडित आहे. बीजिंगनंतर वैयक्तिक परस्यूट ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. स्त्री आणि पुरुषांना सारखेच प्रकार मिळावेत म्हणून ट्रॅकचा कार्यक्रम नव्याने आखला गेला आणि त्यात तिचा बळी गेला. हेतू चांगला होता, तरी इतक्या शुद्ध शर्यतीला त्यासाठी जागा गमवावी लागली याचे मला आजही वाईट वाटते. जागतिक स्पर्धेत मात्र ती आहे आणि तिच्यातली प्रगती थांबलेली नाही. बोर्डमनचा ४ मिनिटे ११.११४ सेकंदांचा विक्रम पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या जॅक बॉब्रिजने मोडला. तो हात पसरण्याची ढब बंद झाल्यानंतरच्या नियमांत मोडला, म्हणून त्याचे मोल अधिक. त्याच्या काही महिने आधी याच बॉब्रिजने दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत, इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या लाकडी ट्रॅकवर, परस्यूटचे सुवर्ण जिंकले होते. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या ॲश्टन लॅम्बीने चार मिनिटांची सीमा ओलांडली आणि २०२४ मध्ये इटलीच्या जोनाथन मिलानने ३ मिनिटे ५९.१५३ सेकंदांपर्यंत मजल मारली, म्हणजे ताशी ६० किलोमीटरहून जास्त सरासरी.

ऑलिंपिकचे स्वप्न असणारे परस्यूटपटू आज सांघिक परस्यूटकडे वळतात. त्यात चौघे एकामागे एक जातात, आणि पुढचा खेळाडू आपली पाळी संपली की वळणावर वर चढून रांगेच्या शेवटी येतो. अमेरिकेची क्लोई डायगर्ट २०२३ मध्ये वैयक्तिक परस्यूटची जगज्जेती होती आणि २०२४ मध्ये पॅरिसला सांघिक परस्यूटचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघातही होती. चक्रधर, आपल्या पुतणीच्या सरावाच्या गटात तीन-चार मुली असतील तर त्यांना आतापासूनच पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहण्याची आणि पाळी बदलताना वेग न तुटू देण्याची सवय लावायला प्रशिक्षकांना सांगावे. उत्तरायण यांनी सुचवलेला सहा फेऱ्यांचा सरावही त्याच रांगेत करता येईल.